शांताच्या बिलाची तीन वाचनं

हणमंतअण्णांच्या घरी वांग्याचं भरीत करायचं म्हटलं, तरी त्याची तीन वाचनं होत.

अण्णा बसवनगुडीत आमच्या शेजारी राहत. घराणं मराठी, पण बंगळुरात इतक्या पिढ्या गेलेल्या की राग आला की कानडीतच यायचा. नोकरी विधानसभेच्या कचेरीत. सभागृहात आलेलं बिल कायदा होईपर्यंत त्याचे कागद सांभाळायचे, हे त्यांचं काम. विधानसभेची इमारत, विधानसौध, तेव्हा नवी कोरी होती. लोक तिचे खांब बघायला येत. अण्णांना अभिमान आतल्या रीतीचा.

"पहिलं वाचन म्हणजे नुसतं मांडणं. चर्चा नाही," ते मला समजावत. "दुसऱ्यात चर्चा, लागली तर कमिटी, मग एकेक कलम, एकेक दुरुस्ती. तिसऱ्यात शेवटचं मत. मग वरचं सभागृह, मग राज्यपालांची सही. घाईत केलेला कायदा माणसांना वर्षानुवर्षं छळतो बघ."

घरात ते आणि त्यांची सून शांता, दोघंच. बायको आधीच गेलेली. एकुलता मुलगा लग्नानंतर दोन वर्षांत तापानं गेला. शांता शाळेत शिकवायची. भरीत ती मांडायची, मिरच्यांचं कलम अण्णा दुरुस्त करायचे. वरचं सभागृह म्हणजे माझी आई, कारण गल्लीत वयानं तीच मोठी. तिनं कुंपणापलीकडून "करा काय ते" म्हटलं की झालं.

एका संध्याकाळी माझ्या आईला शेजारी बसवून शांता म्हणाली, "मामंजी, देवनहळ्ळीच्या शाळेतल्या एका मास्तरांनी मला मागणी घातलीय. मला ते पसंत आहेत."

 अण्णा कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाले. "पहिलं वाचन झालं."

आठवड्यानं कमिटी नेमली गेली: ते आणि मी. रविवारी आम्ही बसनं देवनहळ्ळीला गेलो. अण्णांनी मास्तरांना विचारलं, "राग कशाकशाचा येतो?" मग विचारलं, "लग्नानंतर तिनं शिकवायचं की नाही?"

"नोकरी शांताबाईंची आहे. त्यांनी ठरवावं," मास्तर म्हणाले. अण्णांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पण कमिटीचा अहवाल येईना. महिना गेला, दुसरा गेला. विचारलं की, "स्वल्प थांब, कलमं चालू आहेत." शांता बोलेनाशी झाली. आई म्हणाली, "ह्यांना बिल पाडायचंय." मलाही तसंच वाटू लागलं. शेवटी मी म्हणालो, "अण्णा, पोरीला असं टांगून ठेवू नका."

 दुसऱ्याच दिवशी त्यांनी होकार दिला. लग्नाला भाऊबंद फिरकले नाहीत. बापाच्या जागी अण्णा स्वतः बसले.

नंतर एका रविवारी मी डोकावलो, तर ते स्वयंपाकघरात एकटेच तांदूळ निवडत होते.

"अण्णा, मास्तरांत काय खोट दिसली होती तुम्हाला?"

"काहीच नाही. परत येताना बसमध्येच माझं ठरलं होतं."

"मग दोन महिने?"

ते खाली बघून खडे वेचत राहिले. "ती शाळेतून आली की दारातूनच मामंजी म्हणून हाक मारायची. आणखी थोडे दिवस ऐकावी वाटली. पोरीला मात्र उगीच झुरवलं मी." त्यांनी फळीकडे बोट केलं. "तिची माफी मागणारं पत्र लिहून ठेवलंय. चार दिवस झाले. पाठवू का रे?"

मी पत्र उचललं आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकून आलो.