अप्पाजी पानावरून उठतात

हुबळी-धारवाडात जेवायचं कुठं, हे मला विचारावं! बढाई मारत नाही. म्हणजे मारतोय, पण ती खरी आहे. सन चौतीसच्या त्या दिवसांत हुबळीच्या स्टेशनापासून बाजारापर्यंत एकही हॉटेल किंवा खानावळ अशी नव्हती, की जिथल्या आचाऱ्याला माझी भूक ठाऊक नव्हती. कुठं दोशावर लोणी सढळ हातानं पडतं, कुठं सार दुसऱ्या उकळीलाच उतरवतात, कुठल्या भज्यांसाठी पाऊण तास ताटकळलं तरी चालतं, सगळं मला तोंडपाठ!

मी धारवाडात शाळामास्तर. वादिराज हुबळीच्या रेल्वे कचेरीत कारकून, आणि पुंडलिक बाजारात वडिलांच्या कापडदुकानात. दर रविवारी मी सकाळच्या गाडीनं हुबळीला उतरायचो आणि आम्ही तिघं निघायचो ते खायलाच. एकाच्या बशीतलं दुसऱ्यानं उचलायचं, तिसऱ्यानं ओरडायचं, मग पुन्हा मागवायचं. त्या तीन तासांसाठी मी आठवडाभर पोरांना भूगोल शिकवत असे.

तेव्हा आयुष्यातला सगळ्यांत मोठा प्रसंग आला, तर तो खानावळीत पार पाडायचा हे मी ठरवलं यात नवल ते काय?

प्रसंग असा. साताऱ्याची मुलगी बघून आलो होतो. नाव कुसुमावती. माझ्या मामीनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "स्वयंपाक येतो ना ग?" ती म्हणाली, "येतो. पण मला दुसऱ्याच्या हातचं जास्त आवडतं!" बायकामंडळी एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि मी तिथल्या तिथं, हातातल्या पोह्यांसकट, तिच्या प्रेमात पडलो. खरं सांगतो, हीच बायको हवी, दुसरी नको, असं झालं मला!

पण मध्ये उभे होते अप्पाजी. म्हणजे तिचे वडील. मामलेदार कचेरीतले निवृत्त शिरस्तेदार. त्यांची एक रीत होती. "कुंडली भटजी बघतील. मी जावई पंगतीत बघतो!" याआधी त्यांनी तीन मुलं पंगतीत बघितली होती. पहिला भुरके मारत होता. दुसऱ्यानं पानात अन्न टाकलं. तिसरा वडीलधाऱ्यांचं आटोपण्याआधीच पानावरून उठला. तिघांनाही अप्पाजींनी एकच शब्द ऐकवला, "कळवतो." आणि कधीही कळवलं नाही.

आता चौथा मी. अप्पाजी नातेवाइकांना भेटायला हुबळीला यायचे होते. रविवारी दुपारी माझ्याबरोबर जेवण आणि तीनच्या गाडीनं परत.

"अंबूताईंच्या खानावळीत न्यायचं," मी जाहीर केलं. "सोवळं कडक, होळगी मऊ!" होळगी म्हणजे तिकडची पुरणपोळी.

"अरे अण्णा, तुझ्या वडिलांना अळणावरहून बोलाव की," वादिराज म्हणाला. "घरगुती काहीतरी कर."

"खानावळींतलं तू मला शिकवणार?" मी म्हणालो. हे वाक्य पुढं त्यानं मला बरेचदा ऐकवलं.

शनिवारी मी स्वतः जाऊन सगळी तजवीज केली. अंबूताईंना अप्पाजींचे तीन नियम सांगितले. एक, दिवसातून एकदाच जेवतात. दोन, आपोशन घेतलं की हात धुवेपर्यंत मौन. तीन, पानावरून एकदा उठले की त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवत नाहीत.

"काळजी कशाला करताय की मास्तर!" अंबूताई म्हणाल्या. "माझ्या घरात आलेला माणूस उपाशी गेलाय कधी? एवढं आमच्या बाळाचार्यांनाही सांगून ठेवा की."

बाळाचार्य म्हणजे त्यांचे वाढपी. सहा फूट उंच, आणि आवाज असा की पंगतीत 'सार?' विचारलं तर रस्त्यावरचा माणूस 'नको' म्हणायचा. मराठी त्यांना बेताचंच. मी घाईत होतो, गाडी गाठायची होती. अस्खलित कानडीत सांगितलं, "उद्या एक थोर गृहस्थ येणार आहेत. ते बोलत नाहीत हं!"

'जेवताना' हा शब्द तेवढा राहिला.

बाळाचार्यांचा चेहरा पडला. "अय्यो, पापा!" ते हळहळले. कानडीत 'पापा' म्हणजे बिचारा, गरीब बिचारा. मला वाटलं, काय दयाळू माणूस!

रविवारी साडेबाराला आम्ही पानांवर बसलो. अप्पाजी रेशमी मुकटा नेसून, ताठ. त्यांच्या डाव्या हाताला मी. समोरच्या ओळीत वादिराज आणि पुंडलिक. पलीकडे कापूस बघायला आलेले पुण्याकडचे चार व्यापारी, आणि कोपऱ्यात दोन वृद्ध आचार्य, नेहमीचे. कोवळ्या केळीची पानं, वाफाळता भात, वर तुपाची धार. सगळं कसं मनासारखं!

अप्पाजींनी चित्राहुती घातल्या, आपोशन घेतलं, तोंड मिटलं. आणि डोळे माझ्यावर रोखले.

मी घास घेतला. भुरका नाही. शीत खाली नाही. पाठ सरळ. परीक्षेला बसलेल्या पोरांचं काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं.

एवढ्यात बाळाचार्य होळगी घेऊन आले. अप्पाजींसमोर थबकले. त्यांच्याकडे बघितलं, डोळ्यांत पाणीच आणलं, आणि मान हलवत म्हणाले,

"पापा! अय्यो, पापा!"

अप्पाजींचा घास हातातच राहिला.

मला आधी काही उमजेचना. मग एकदम घाम फुटला. साताऱ्याच्या माणसाला 'पापा' म्हणजे पापच की! अप्पाजी स्वतःच्या मुकट्याकडे बघू लागले, पानाकडे बघू लागले, डावं-उजवं तपासू लागले. सोवळ्यात काही चुकलं? कुणाला शिवलो? विचारायचं तर मौन!

मी बाळाचार्यांना डोळ्यांनी खुणावलं, पुढं जा. त्यांना वाटलं, मी म्हणतोय आग्रह करा. आता मुक्या माणसाला आग्रह कसा करायचा? जो मुका तो बहिराही असणार, हा त्यांचा हिशेब. ते वाकले. अप्पाजींच्या उजव्या कानापाशी तोंड नेलं आणि सगळा छातीचा भाता रिकामा केला,

"ऊटाऽऽ! ऊटा माड्रीऽऽ!"

कानडीत 'ऊटा' म्हणजे जेवण. 'ऊटा माड्री', जेवा हो! पण एवढ्या मोठ्यानं कानात ओरडल्यावर 'ट' कुठला आणि 'ठ' कुठला? मराठीत 'उठा' म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको!

आधी पाप, मग उठा. अप्पाजींनी दोन आणि दोन चार केले आणि ताडकन उठले!

"नाही, नाही! बसा!" मी ओरडलो. पण उठलेला माणूस आता बसणार नव्हता. नियम तीन! आणि उद्यापर्यंत जेवणारही नव्हता. नियम एक! भरल्या पानावरून मी माझ्या होणाऱ्या सासऱ्याला उठवलं होतं!

त्यांना उठलेलं बघून बाळाचार्य कासावीस झाले. पंगतीभर हात जोडत धावू लागले, "ऊटा! ऊटा माड्री! सगळे ऊटा!"

पुण्याकडचे चौघे उठले. एक म्हणाला, "या गावची पद्धतच दिसते!" कोपऱ्यातल्या आचार्यांना कानडी उत्तम येत होतं, पण पंगत मोडली म्हणून तेही उठले. पुंडलिक होळगीकडे बघत बघत उठला. आतून अंबूताई धावत आल्या, "अयाई ग! काय झालं की? मीठ जास्त पडलं काय?"

आणि अप्पाजी? ते कुणाकडेच बघत नव्हते. फक्त माझ्याकडे!

माझी काय अवस्था झाली असेल! उठावं तर पानात अर्धी होळगी. अन्न टाकलं म्हणजे दुसऱ्या मुलासारखा गेलो! बसून खावं तर वडीलधारा माणूस उपाशी उभा आणि मी चरतोय. गेलोच! शेवटी मी दोन्ही केलं. पाटावरून वीतभर वर उठलो, गुडघे वाकवले, डावा हात अदबीनं छातीशी धरला आणि तसाच अधांतरी राहून होळगी संपवू लागलो. मांड्या थरथरत होत्या. समोर वादिराजनं तोंडात उपरण्याचा बोळा कोंबला होता. पान स्वच्छ होईपर्यंत अप्पाजी उभे, आणि मी तसा!

परसात हात धुतल्यावर अप्पाजींचं मौन सुटलं. मला वाटलं, आता तोफ! पण त्यांचा आवाज अगदी बारीक होता.

"माझ्या हातून काय पाप घडलं हो, मास्तर?"

मला भडभडून आलं. मी सगळं सांगितलं. पापा म्हणजे काय, ऊटा म्हणजे काय, मी कुठला शब्द गाळला. अप्पाजींनी निमूटपणे ऐकलं, मुकटा बदलला, आणि म्हणाले,

"बरं. कळवतो."

संपलं! वादिराजनं माझा खांदा दाबला. स्टेशनापर्यंत डोळ्यांसमोर कुसुम येत होती, दुसऱ्याच्या हातचं आवडीनं खाणारी. आता खरोखरच ती दुसऱ्याच्या घरी जाणार होती.

फलाटावर पुंडलिक कुठूनसा केळ्यांचा घड घेऊन आला. "फळं म्हणजे अन्न नव्हे," तो शांतपणे म्हणाला. "घ्या की, अप्पाजी!"

अप्पाजींनी एक घेतलं. मग एक. पाचव्या केळ्यानंतर चेहऱ्यावर जरा रंग आला. सहावं सोलताना त्यांनी मला विचारलं,

"तुम्ही ते मघाशी असे का बसला होतात? की उभे होतात?"

"बसलो असतो तर तुमचा अवमान, उठलो असतो तर अन्नाचा," मी मान खाली घालून म्हणालो. "मला काही सुचेना!"

गाडी आली. अप्पाजी डब्यात चढले. खिडकीतून केळ्याची साल माझ्या हातात देत म्हणाले, "इतकी वर्षं मी पंगतीत माणसं बघतोय. एवढा त्रास कुणी घेतला नव्हता. वैशाखातला मुहूर्त बघा!"

मी साल उराशी धरली! देवा, काय सांगू!

"आणि हो," ते म्हणाले, "तुमच्या मंडळींचं स्वागत मी त्यांच्या भाषेत करणार. जेवायला ऊटा. मग उठायला काय म्हणतात?"

"एळ्री!" आम्ही तिघं ओरडलो.

"ऊटा, एळ्री. ऊटा, एळ्री." गाडी हलली. "एळ्री, ऊटा. एळ्री, ऊटा..." चाकांच्या तालावर ते शब्द धारवाडच्या दिशेनं निघून गेले. त्यांची अदलाबदल कुठं झाली, अळणावरला की मिरजेला, कोण जाणे!

वैशाखात साताऱ्याला लग्न लागलं. व्याह्यांची पंगत बसली. हुबळी, धारवाड, अळणावरची ऐंशी माणसं, सगळी कानडी जाणणारी. बाळाचार्यही मानाचे पाहुणे म्हणून आले होते. मी आणि कुसुम शेजारी शेजारी. आपोशनं झाली. पहिला घास ओठांशी आला.

आणि यजमान अप्पाजी, अंगावर नवी शालजोडी, पंगतीच्या मधोमध येऊन उभे राहिले. हात जोडले. तोंडभर हसले.

"एळ्री, मंडळी! लाजू नका, सावकाश एळ्री! सगळे एळ्री!"

माझे वडील पहिले उठले. चेहरा लालबुंद. मग मामा उठले. मग ओळीनं ऐंशीच्या ऐंशी! 'वधूपित्यानं भरल्या पानावरून उठवलं!' अशी कुजबूज मांडवभर झाली. बसून राहिले एकटे बाळाचार्य. ते अप्पाजींकडे बघत, हातातला जिलबीचा तुकडा तसाच धरून ओरडत होते, "देवा नरसिंहा! मुका बोलला! मुका बोलला!"

आणि मी? समोर वडील उभे, पानात अन्न, शेजारी नवी बायको! मी वीतभर वर उठलो, गुडघे वाकवले, डावा हात छातीशी धरला.

कुसुमनं मुंडावळ्या जरा बाजूला केल्या, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि लग्नानंतरचं तिचं पहिलं वाक्य बोलली,

"अप्पा म्हणालेच होते, तुम्ही जेवायला असेच बसता म्हणून!"