डिम्फ्नाने झेंडे धुतले

"यंदा किलनाबॉयचे झेंडे असे दिसतील, की ड्रमकारवाले खेळ सोडून तेच बघत बसतील," असं डिम्फ्नाने नवऱ्याला बजावलं आणि चारही झेंडे उकळत्या पाण्यात सोडले.

१९५७ साल होतं. अठरा वर्षांखालच्या पोरांची आयरिश फुटबॉलची जिल्हा स्पर्धा. किलनाबॉय गाव प्रथमच उपांत्य फेरीत आलेलं, तेही घरच्या मैदानावर. थोरला कोलमन संघात, नवरा फेलिम गोलखांबाशी झेंडा घेऊन उभा राहणार. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला की हिरवा झेंडा, तीन गुण. दांडीवरून गेला की पांढरा, एक गुण.

पातेल्यातून चारही झेंडे हिरवे निघाले.

"दोन जरा फिके आहेत," फेलिम हळूच म्हणाला.

"मग कळतंय की वेगळे. गप घेऊन जा."

रविवारी ड्रमकारच्या पोराने पहिलाच चेंडू दांडीवरून मारला. फेलिमने इमानदारीत फिका झेंडा उंच केला. भुरभुर पावसात तो मटारासारखा हिरवागार दिसला. ड्रमकारवाले नाचायला लागले. शिडीवरच्या मास्तरांनी फळ्यावर तीन गुण चढवले. कोलमन फेलिमच्या अंगावर धावून आला. "बाबा, तुम्ही कुणाचे?"

पंचांनी खेळ थांबवला. दोन्ही झेंडे हातात घेऊन पाहिले.

"झेंड्यांची जबाबदारी यजमानांची. पांढरा झेंडा आणा, नाहीतर सामना ड्रमकारला देतो."

गावातले पुरुष एकमेकांच्या बुटांकडे बघू लागले. डिम्फ्ना कडेवरच्या तान्ह्या लेकीला, ऊनाला सावरत मैदानात शिरली. बाबागाडीतून आणलेले दोन कोरे लंगोट तिने दोन काठ्यांना करकचून बांधले.

"डिम्फ्ना, अगं, शोभतं का हे?" फादर मुल्डून कळवळले.

"फादर, याहून पांढरं काही असेल तर काढा. तुमचा झगा तर काळा."

ड्रमकारचा प्रशिक्षक खवळला. "लंगोटाखाली हरलो, असं गावात कोणत्या तोंडाने सांगू?"

"म्हणजे हरणार हे ठरलंय तर."

पंचांनी लंगोट उलटसुलट करून पाहिला, वाससुद्धा घेतला. "चालेल," म्हणाले. फळ्यावरचे दोन गुण उतरले.

मग पोरं जी भांडली, ती चिखलाचीच झाली. शेवटी बरोबरी असताना कोलमनने लांबून लाथ घातली. चेंडू दांडीवरून गेला आणि फेलिमने लंगोट असा फडकावला, जणू आयर्लंड पुन्हा एकदा स्वतंत्र झालं. गाव ओरडत होतं आणि नेमका त्याच वेळी डिम्फ्नाच्या चर्चला जायच्या कोटावरून काहीतरी कोमट ओघळलं. ऊना भिजली होती, आणि कोरे लंगोट दोन्ही मैदानावर.

"फेलिम, खाली कर तो."

त्याला कुठलं ऐकू येतंय? ती तरातरा गोलखांबाशी गेली, त्याच्या हातातली काठी ओढली, गाठ सोडली आणि सगळ्या जिल्ह्यासमोर गवतावर लेकीचं आवरायला बसली. "माझी बाय ती, झालंच हं," म्हणत तिने इवल्या पायांचा एक मुका घेतला.

पंच धापा टाकत आले. "बाई, अजून दोन मिनिटं बाकी आहेत. झेंडा लागेल."

"तिला सांगा."

पंचांनी ऊनाकडे पाहिलं. ऊनाने ओठ काढला. पंचांनी घड्याळ कानाला लावलं, जोरात हलवलं आणि सामना संपल्याची शिट्टी फुंकली.