तांदळाखालची मिरी

इथे आखातात, मदिनत खलीफा वस्तीत आमच्या शेजारी राहणारे दाऊदभाई चारशे वर्षांपूर्वीच्या पोर्तुगीजांवर अजून रागावलेले आहेत. मसाल्याच्या दुकानातून परततात तेव्हा त्यांच्या सदऱ्याला वेलचीचा गंध असतो आणि ओठांवर त्या फिरंग्यांचं नाव.

गाव रत्नागिरीकडचं, घराणं नाखव्यांचं. फिरंग्यांचा परवाना नसलेलं गलबत भर समुद्रात जप्त होई. म्हणून त्यांचे पूर्वज मिरी तांदळाखाली दडवून आखातात आणत. पोर्तुगीजांना वलंदेजांनी, म्हणजे डचांनी, आणि अरबांनी हरवलं, असं माझे यजमान एकदा सहज म्हणाले. दाऊदभाईंनी चहाची बशी खाली ठेवली.

"ते मागनं आले, भाऊ. फिरंग्याचेच शिपाय मूठभर मिरी घेऊन डोळे मिटायचे. तोफेनं नाय, त्या मिरीनं बुडवलान त्याला. खलास."

सुट्टीहून ते दर खेपेस उकड्या तांदळाचा डबा आणत. त्यात कुठेतरी खोल, परसातल्या पोफळीवर चढलेल्या वेलीची मिरी चिंधीत बांधलेली असे. मिरी आणायला आता कुणाची बंदी नाही, हे सांगून आम्ही थकलो. आमच्या खानदानात ती उघड्यावर न्यायची नाही, एवढंच त्यांचं उत्तर. पुरचुंडी दडवायची त्यांच्या पत्नीनं, झुबेदाभाभींनी. कुठे, ते दाऊदभाईंना सांगायचं नाही. मग आमच्या ओट्याशी उभे राहून ते कोपरापर्यंत हात तांदळात बुडवत आणि सापडली की फोनवर भाभींना दाखवत: "फिरंगी गेला गे!" पलीकडून कोवळ्या पोफळीच्या सावलीसारखं गार हसू येई.

यंदा भाभी गेल्या. चाळिसावा उरकून दाऊदभाई परतले ते डबा घेऊनच. तांदूळ सुनेनं भरले होते. जुम्म्याच्या नमाजानंतर उघडू म्हणाले आणि डबा आमच्याकडे ठेवून गेले. मी हात घालून पाहिलं. तळापर्यंत नुसते तांदूळ. तेव्हा घरातली मिरी माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधली आणि खोल सारली.

शुक्रवारी त्यांचे हात तांदळात बुडाले, हळूहळू फिरले, थांबले. पुरचुंडी वर आली. त्यांनी ती हुंगली, आणि तेव्हा मला लख्ख आठवलं: मिरी मी त्यांच्याच दुकानातून आणलेली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोनकडे गेलेला हात मागे घेतला, मिरी मुठीत घट्ट धरली आणि त्या जुन्या शिपायांसारखे डोळे मिटून घेतले.

"फिरंगी गेला गे," ते हलकेच म्हणाले.