टीडेमान बूट का काढत नाही?

एकेहार्ट पोमरेंकेने त्या मंगळवारी सकाळी एक साधाच निश्चय केला. नव्या माणसाच्या पायांकडे आता बघायचं नाही.

निश्चय चांगलाच होता. जर्मनीतल्या मेक्लेनबुर्गच्या त्या तळ्याकाठी, पाइनच्या रानात, उन्हाळाभर साठ-सत्तर माणसं अंगावर सूतही न ठेवता राहतात. बटाटे सोलतात, पत्ते कुटतात, कॅराव्हॅनच्या दारातल्या कुंड्यांना पाणी घालतात, आणि बोलताना एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलतात. खाली बघणं हा तिथे सगळ्यात मोठा असभ्यपणा. एकेहार्ट तर छावणीचा प्रमुख, दर वर्षी बिनविरोध निवडून येणारा. त्याआधी तो श्वेरीनच्या नगरपालिकेत झाडं तोडायचे अर्ज नामंजूर करायचा. (त्याच्या कारकिर्दीत शहर फार हिरवंगार झालं.) सभ्यपणा त्याने नाही पाळायचा तर कुणी?

पण टीडेमान बूट घालून हिंडायचा.

बाकी अंगावर काही नाही. डोक्यापासून घोट्यापर्यंत माणूस चारचौघांसारखाच नागवा, जरा पोट सुटलेला, आणि खाली निळे कॅनव्हासचे बूट. नाड्या दुहेरी गाठ मारून बांधलेल्या. सकाळी पाव आणायला निघाला, बूट. व्हॉलीबॉल खेळला, बूट. सार्वजनिक शॉवरखाली उभा राहिला, तिथेही बूट! आंघोळ करून पचक पचक आवाज करत निघून जायचा. पोहायला गेला की लाकडी धक्क्याच्या टोकाला बसायचा, पाय पाण्यावर सोडायचा आणि बुटातून काढलेला पाय थेट तळ्यात. मधल्या मध्ये कुणाला नखसुद्धा दिसायचं नाही.

एकेहार्ट स्वतः कट्टर अनवाणी. "ज्याने बूट घातले तो अर्धा कपड्यातच," असं तो दर वसंतात भाषणात सांगायचा. पाइनच्या शंकूंवरून चालायचा, तापलेल्या वाळूवरून चालायचा, आणि गप्पा मारता मारता तंगडी बाकावर ठेवून म्हणायचा, "बघा, कसे तयार झालेत पाय!" लोक तेव्हा तळ्याकडे बघायचे. एकेहार्टला वाटायचं, बिचारे ओशाळतात.

"रोझी, तो माणूस काहीतरी लपवतोय," तो बायकोला म्हणाला.

रोझविथा चेरी निवडत होती. "कोण?"

"टीडेमान. अंगावर दुसरं काहीच नाही म्हटल्यावर लपवायला जागा एकच उरते."

"पाय गार पडत असतील त्याचे."

"जुलैत?"

"एकी, तुला दुसऱ्यांच्या पायांची काय एवढी पडलीये?"

'दुसऱ्यांच्या' या शब्दावर तिने जरा जोर दिला होता. एकेहार्टच्या ते लक्षात आलं नाही. तो टीडेमानच्या बुटात काय असेल याचा विचार करत होता. सहा बोटं? तुरुंगातलं गोंदण? आणि मग शेजारच्या डेटलेफशी बोलता बोलता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"कॅमेरा!"

"बुटात?" डेटलेफने विचारलं. हा पूर्वी ट्राम चालवायचा आणि सहसा कशानेही दचकायचा नाही.

"मग आणखी कुठे ठेवणार? सांग ना, कुठे ठेवणार?"

डेटलेफने प्रामाणिकपणे विचार केला आणि दुसरी जागा सुचत नसल्याचं कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी एकेहार्टने टीडेमानला नळावर गाठलं. छावणीत सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. एकेहार्टने मुद्दाम अहो-जाहो लावलं. तिथे याहून मोठा अपमान नाही.

"टीडेमानसाहेब, जमीन मऊ आहे हो आमची. काढून तर बघा."

"नको, बरे आहेत."

"काटा लागायची भीती वाटते का?"

"काट्याची नाही," टीडेमान म्हणाला आणि झटकन एक पाऊल मागे सरकला.

काट्याची नाही! मग कशाची? एकेहार्ट दिवसभर त्या वाक्याभोवती घुटमळत राहिला.

आठवड्याभरात प्रकरण साथीसारखं पसरायला लागलं. आधी डेटलेफच्या पायात रबरी चपला आल्या. ("डॉक्टरने सांगितलंय," असं म्हणून त्याने विषय बदलला.) मग पत्ते खेळणाऱ्या बायका सपाता घालून शॉवरला जायला लागल्या. शनिवारच्या सभेत एकेहार्टने ठराव मांडला की कुरणावर आणि शॉवरमध्ये पादत्राणं बंद. हात वर झाला तो एकट्याचा. बाकी सगळे आपापल्या टॉवेलवर बसून गवताकडे बघत होते. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. टीडेमान मागे बसून नाडी आवळत होता.

हा आपली जागा घेणार, हे एकेहार्टला तेव्हाच कळून चुकलं. पण कुठली जागा, ते घरी गेल्यावर कळलं. कॅराव्हॅनच्या पायरीवर रोझविथाच्या नव्या कोऱ्या सँडल होत्या. निळ्या. टीडेमानसारख्या निळ्या!

"हे काय?"

"सँडल."

"ते दिसतंय मला. का?"

"आवडल्या."

त्या रात्री तिने पलंगाच्या पायथ्याशी, दोघांच्या मधोमध, घोंगडीची गुंडाळी ठेवली. एकेहार्टने विचारलं तर म्हणाली, उकडतंय. उकडतंय म्हणून घोंगडी! त्याची चादरही ती हल्ली वेगळी धुवायची. संसार मोडताना असाच पायथ्याकडून मोडायला लागतो की काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्याचा डोळा लागेना.

मग सोमवारी दुपारी त्याने ते कानांनी ऐकलं. भांडी घासायच्या ओट्यामागे लाकडी फळ्यांची भिंत आहे. एकेहार्ट अलीकडे गाजर खरवडत होता. पलीकडून रोझविथाचा आवाज आला.

"किती दिवस गप्प बसू? तीन वर्षं सहन करतेय."

"मग सांगून टाक ना त्याला," टीडेमान म्हणाला.

"कसं सांगू? त्याचा केवढा जीव आहे. खचेल तो."

"त्याला काहीच संशय नाही?"

"त्याला? स्वतःच्या नाकापुढचं दिसत नाही त्याला."

"तू म्हणत असशील तर मी बोलतो त्याच्याशी. पुरुषासारखा. लांबून."

एकेहार्टच्या हातातलं गाजर मोडलं. 'लांबून' या शब्दाचं त्याला नवल वाटलं, पण त्याने मनाशी म्हटलं, भित्रा आहे.

एक तास तो कॅराव्हॅनमागे बसून राहिला. याच तळ्यावर तो आणि रोझी तरुणपणी भेटले होते. ती तेव्हा त्याच्याशी बोलताना सारखी हसायची. आता ती त्या बूटवाल्याशी फळीआड कुजबुजत होती. एकेहार्ट उठला. पुरावा हवा होता. सगळ्या छावणीसमोर तो बूट उलटा करून कॅमेरा खाली पाडायचा, मग बघू रोझी कुणाकडे बघते.

टीडेमान नुकताच पाण्यात उतरून लांब पोहत गेला होता. बूट धक्क्याच्या टोकाला शेजारी शेजारी ठेवलेले. एकेहार्टने उजवा उचलला. आत हात घातला. आतला पातळ तळ ओढून काढला. टाच आपटली. वास घेतला. (साबणाचा.) डाव्याचंही तेच केलं. कॅमेरा नाही, तार नाही, चिठ्ठीचपाटी नाही. बूट म्हणजे नुसता बूट.

तेवढ्यात पाठीमागे फळ्या वाजल्या. दुपारच्या कॉफीची वेळ झाली होती, आणि डेटलेफ, पत्ते खेळणाऱ्या बायका, सगळे आलुबुखारचा केक घेऊन धक्क्याकडे निघाले होते. एकेहार्टच्या हातात चोरलेले बूट. आणि नागव्या माणसाला खिसा नसतो. टॉवेल कुरणावर राहिला होता. पाण्यात टाकावे तर ते तरंगले असते. लपवायची एकच जागा त्याला सुचली.

त्याने बूट पायात घातले.

ते दोन नंबरांनी लहान होते. बोटं मुडपून, दात आवळून, करकोच्यासारखे पाय टाकत तो गर्दीला सामोरा गेला. आता चोर म्हणतील, ढोंगी म्हणतील, प्रमुखपद गेलं. तो काहीतरी बोलणार, एवढ्यात डेटलेफने केकची बशी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मग सगळ्यांनीच वाजवल्या. एका बाईने डोळे पुसले.

"शाब्बास, एकेहार्ट!"

"केवढं मन मोठं लागतं या वयात!"

रोझविथा सँडल फटफटवत धावत आली आणि तिने त्याला मिठीच मारली. "एकी! मला वाटलं होतं तू कधीच ऐकणार नाहीस."

"मी काय ऐकलं?"

तेवढ्यात टीडेमान शिडीवर आला. त्याने आपले बूट बघितले आणि तिसऱ्या पायरीवर थांबला. आणि एकेहार्टला अखेर त्याचे पाय दिसले. गोरे, स्वच्छ, पाच-पाच बोटांचे, अगदी सामान्य पाय.

"तुमचे बूट..." एकेहार्ट घाम पुसत म्हणाला. "मी काढतोच..."

"नको!" टीडेमान किंचाळला. "नको, नको, काढू नका! ठेवा. तुम्हालाच शोभतात." आणि तो दोन पायऱ्या खाली, परत पाण्यात उतरला.

"आणि माझी बायको?" एकेहार्ट ओरडला. "तीही ठेवू का मीच?"

रोझविथाने त्याच्याकडे बघितलं, मग पाण्यातल्या टीडेमानकडे, आणि तिला सगळा उलगडा झाला. ती इतकी हसली की तिला डेटलेफचा आधार घ्यावा लागला.

"अरे वेड्या, तुझी नखं!"

"नखं?"

"पायाची! पिवळी पडलीत, जाड झालीत, भुगा पडतो त्यांचा. बुरशी आहे ती, एकी. डॉक्टरकडे चल म्हटलं की तू म्हणायचास, उन्हाने रापलीत. अख्खी छावणी तुझ्या मागून शॉवरला जायला घाबरते. टीडेमान पहिल्याच दिवशी तुझ्या शेजारी उभा होता, त्याने तिथल्या तिथे बूट घातले. असे कुठे मिळतात आणि तुला हे सांगायचं कसं, ते मी त्याला विचारत होते. तुझ्यासाठी!"

एकेहार्टने कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या पायांकडे बघितलं. दिसले फक्त निळे बूट. (ते काढायला संध्याकाळी डेटलेफने कात्री वापरली. हातमोजे घालून.)

टीडेमानला तो त्याच संध्याकाळी पहिल्यांदा 'अरे' म्हणाला. टीडेमानने आनंदाने हात केला, लांबून.

दुसऱ्या दिवशी रोझविथा त्याला गावातल्या औषधांच्या दुकानात घेऊन गेली. पँट, सदरा, मोजे, बूट, सगळा जामानिमा घालून एकेहार्ट काउंटरपुढे उभा राहिला. पांढऱ्या कोटातल्या तरुण मुलीने गोड आवाजात सांगितलं, "एकदा मोजा काढून दाखवता का? बघून मलम देते."

मागे रांगेत दोन आजीबाई आणि एक पोस्टमन उभे होते. एकेहार्ट कानापर्यंत लाल झाला. त्याने काउंटरवर वाकून हळूच विचारलं,

"इथे पडदा-बिडदा नाही का हो? चारचौघांत मी कधी काही काढलेलं नाही."