देहराज्यीं मणीकऱ्यांस घरी बसविले त्याची हकीकत

श्रीरक्तवाहिनी प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, देह नामे राज्यीं विपरीत जाहले. राज्याची फौज पांढऱ्या पेशींची, जंतू दिसला की गिळावा ऐसी नामांकित. फौजेस हुकूम कर्ण्यांनी, म्हणजे निरोप्या प्रथिनांनी, होत असे, आणि लढाई सरली म्हणजे एकेका कर्ण्याचे गळां मण्यास मणी जोडून माळ घालावी, हे काम नागोजीराव लायगेज मणीकरी यांचे. मण्यास विद्वान युबिक्विटिन म्हणतात, म्हणोत. माळ दिसली की भट्टीवाले कर्णा नेऊन वितळवीत. माळ नसता बोटही लावीत नसत, ऐसी चाल.

मग सर्दीची स्वारी मोडली आणि सेनापती तुळाजीराव दरबारी गरजले, "महाराज, हा म्हातारा धडधाकट कर्णे भट्टीत घालतो! उद्या आमचीच वाचा बसवील!" नागोजीराव बोलिले, "अहो सेनापती, लढाई संपली हे शिपायास कळावे कशाने? कर्णा वाजतोय तोवर तो शत्रू शोधणार, आणि न सापडला तर कुणाला तरी करणार की!" दरबार खो खो हसला, आणि महाराजांनी मणीकऱ्यांस घरी बसविले.

मग हरहर! कर्णे थांबेनात, आणि फौज गुडघे परगण्यात शिरली. तेथे कूर्चा नामे रयत, दोन हाडांमध्ये जन्मभर गादी होऊन राहणारी. त्यांची पाटलीण सगुणाबाई आडवी जाहली, "अरे मेल्यांनो, मी घरचीच! ओळखलं नाहीत?" शिपाई म्हणाला, "ओळखलं हो मावशी. पण कर्णा वाजतोय ना!" आणि घर खणून काढिले. आपल्याच फौजेने! परगणा सुजला, तापला, लाल जाहला, आणि महाराज सिंहासनावरून उठू गेले तो उठवेना.

तेव्हा पालखी धाडून नागोजीरावांस आणिले. त्यांनी वाजत्या कर्ण्यांस माळा घातल्या, ते कर्णे भट्टीस गेले, आणि फौज माघारी फिरली. तुळाजीराव घाबरून म्हणाले, "आता सगळ्याच कर्ण्यांस माळा घाला!" नागोजीरावांचा हात थबकला. "आणि उद्या खोकला चालून आला, तर फौजेस काय टाळ्या वाजवून बोलावू?"

येणेप्रमाणे राज्य वाचले. सगुणाबाईचे घर मात्र पुन्हा उभे राहिले नाही. अद्याप महाराज उठताना "आई गं!" म्हणतात, आणि दरबार तो जयघोष समजून मुजरा करितो.