मामाजींचं इसन

मे महिन्यात, अकोल्यात, मी गिझर घेतला आणि त्याची वायर जोडण्याआधीच तो किती झकास चालतो हे साऱ्या गल्लीला सांगून आलो.

गच्चीवरची टाकी उन्हानं अशी तापायची की नळ सोडला की चटका. "बटणसुद्धा दाबावं लागत नाही!" असं मी कौतुकानं सांगत होतो. महिनाअखेरीस वायरमन वायर घेऊन उगवला. शालूनं, म्हणजे आमच्या बायकोनं, आधी वायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

गिझर आणला होता तिच्या वडिलांसाठी. मामाजी मोर्शीचे, संत्र्याची बाग, बोलणं रोखठोक. त्यांना जग आंघोळीच्या पाण्यासारखं दिसतं. बादलीत मधलं बोट बुडवून निकाल द्यायचा, तसाच माणसांचाही. त्यांचा तलाठी "उकळता", व्याही "निवलेले". मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आत जाऊन म्हणाले होते, "पोरगा कोमट हाये. चालीन."

सासूबाई गेल्यापासून ते मोर्शीला एकटेच. निदान थंडीत तरी आमच्याकडे राहावं म्हणून शालूनं धोशा लावला. "येतो, पन पान्याची सोय पायजे," एवढीच अट. म्हणून आम्ही जुनी मोरी फोडली, फरशा बदलल्या आणि पाणी कशानं तापवायचं हे ठरवायला त्यांनाच दुकानात नेलं.

दुकानदारानं सोलर दाखवला, गॅसचा दाखवला, आकडे दाखवणारा विजेचाही दाखवला. "काका, याच्यात पाहिजे तितकी डिग्री लावा."

"डिग्री राहू दे. आज माया पाठीत चमक भरली, हे याले समजते का?"

"नाही समजत, काका."

"मंग आमच्या बंबात काय वाईट हाये?"

शेवटी मी आकडेवालाच घेतला. आकडे दिसले की मला वस्तू हुशार वाटते.

दिवाळीनंतर मामाजी आले. पहिल्या दिवशी आतून आवाज आला, "चटका देऊन राहिलं वं, शाले!" शालू मिक्सरवर चटणी वाटत होती, तिला ऐकूच आलं नाही. दुसऱ्या दिवशी "निवलं!" आलं. तेव्हा मी फोनवर होतो. त्यानंतर आवाज बंद. मामाजी बाहेर यायचे ते दात वाजवतच. गिझर बिघडला म्हणून मी वायरमनला पुन्हा बोलावलं. त्यानं नळाखाली हात धरला आणि भाजून घेतला.

म्हणजे गरम पाणी असताना मामाजी थंड पाण्यानं आंघोळ करत होते! वर त्या संध्याकाळी पिशवीही भरून ठेवलेली. "उद्या दुपारच्या गाडीनं मोर्शीले जातो." शालूचा चेहरा पडला. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

"मामाजी, गरम पाणी सोडून थंड्यानं काहून?"

त्यांनी पिशवीचा बंद ओढून घट्ट केला.

"तुमची सासू बंबातलं पानी काढे," ते म्हणाले. "मंग त्याच्यात इसन घाले." कढत पाण्यात घालायच्या गार पाण्याला आमच्याकडे इसन म्हणतात. "मी आतून बोंबलो, जमलं नाही म्हनून. थे चुलीपासून बोंबले, नसन जमत त नदीवर जा. रोज. आता गरम मीच सोडाचं, थंडं मीच सोडाचं. बिघडलं, त बोंबलाचं कोनाच्या नावानं?"

मी उठून पहाटेचा गजर लावला.

सकाळी मी त्यांच्या आधी उठलो. बादली घेतली, गरम सोडलं, थंड सोडलं, मधलं बोट घातलं. काही कळलं नाही. पुन्हा थोडं गरम, पुन्हा थोडं थंड. बोट सुरकुतलं. शेवटी देवाचं नाव घेऊन हाक मारली, "मामाजी, पाणी काढलं!"

ते आत गेले. कडी लागली. शालू आणि मी दाराबाहेर परीक्षेच्या निकालाची वाट पाहत असल्यासारखे उभे. पहिल्या तांब्याचा आवाज झाला आणि लगेच मोरी दणाणली:

"हॅट्! या जवायाले साधं पानी काढता येत नाही वं, शाले! उद्यापासून शिकवा लागते याले!"