देदा म्हण, देदा

बेसो पहिल्यांदा 'मामा' म्हणाला तेव्हा खातुनाचे दोन्ही हात खाचापुरीच्या, म्हणजे चीज भरलेल्या रोटीच्या, कणकेत बरबटलेले होते, म्हणून तिला फोन हिसकावता आला नाही. नाहीतर पुढचं काहीच घडलं नसतं.

फोनवर तिचा नवरा बादरी होता. तो पोलंडमध्ये इमारतींच्या कामावर असे आणि जेवणाच्या सुट्टीत रोज पडद्यावर तोंड दाखवी. सासू गुलिकोने फोन नातवाच्या नाकापुढे धरला होता. "मामा, कसा आहेस मामा? जेवलास का मामा?" असं बादरी नेहमीसारखं विचारत होता. बेसोने पडद्याकडे नीट पाहिलं आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "मामा."

मूल असं बोललं की जगात बऱ्याच ठिकाणी आई पाघळते. आपल्याकडे मामा म्हणजे आईचा भाऊ, म्हणजे निदान आईच्या पक्षाचा माणूस. जॉर्जियात तेवढंही समाधान नाही. तिथे मामा म्हणजे बाप, आणि आई म्हणजे देदा. शिवाय लाडात आलं की मोठी माणसं मुलालाही आपल्याच नात्याने हाक मारतात. बाप मुलाला मामा म्हणतो, आई मुलाला देदा म्हणते. यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मुलांना काय वाटतं, ते अजून कुणी विचारलेलं नाही.

बादरी तिकडे परांचीवर बसून रडला. इकडे गुलिकोने बाल्कनीत जाऊन सगळ्या आवाराला बातमी दिली. संध्याकाळपर्यंत कुतैसी शहरातल्या ओळखीच्या प्रत्येक घरात पोचलं होतं की बादरीच्या पोराने परदेशातल्या बापाला फोनवर ओळखलं. बादरीने रजा टाकली. संत जॉर्जच्या सणाला येतो, मोठी मेजवानी करतो आणि बापाच्या नावाने शिंगात वाईन भरून पितो, असं त्याने कळवून टाकलं.

खातुनाने कणकेला अशी गुद्दी मारली की ताट हललं.

"रक्त बोलतं, पोरी," गुलिको म्हणाली.

"बोलतं ना? मग पुढच्या वेळी लंगोटही रक्तालाच बदलायला सांगा, सासूबाई."

मुलाला जेवू घालायची ती, अंगाई म्हणायची ती, तापात उशाशी बसायची ती. आणि भरल्या पंगतीत श्रेय घेणार कोण, तर पडद्यावरचं डोकं. मेजवानी तिला थांबवता येत नव्हती. पण सणाच्या आत पोराच्या तोंडून 'देदा' काढायचंच, असं तिने ठरवलं. शब्दाला शब्द. मग कुणी कुणाच्या नावाने प्यायचं ते बघू.

त्या दिवसापासून घरात शाळा सुरू झाली. छातीवर बोट ठेवून खातुना सांगे, "देदा म्हण, देदा. आरा, सुरी ठेव खाली. देदा. आरा, चुलीजवळ नाही जायचं. इकडे ये, देदा, हा घे घास, देदा. आरा, मांजराची शेपटी सोड." आरा म्हणजे नाही. बेसो तोंड उघडं टाकून ऐके. एकाच दमात आई स्वतःला देदा म्हणतेय, त्यालाही देदा म्हणतेय. तो बिचारा आधी तिच्याकडे बघे, मग स्वतःच्या पोटाकडे, आणि शेवटी मांजराकडे.

गुलिकोनेही मग कंबर कसली. खातुना बाजारात गेली की ती बादरीचा फोटो काढून नातवाची उजळणी घेई. बेसोने दोघींना समान वागणूक दिली. तो गप्प बसला.

सणाच्या दिवशी बादरी सकाळीच येऊन पोचला. दारातच त्याने पोराला उचललं, तसा बेसोने भोकाड पसरलं. पडद्यातलं डोकं असं दाढीसकट बाहेर येईल अशी त्याला कल्पना नव्हती. "थकलाय," असं गुलिकोने जाहीर केलं. प्रवास बादरीने केला होता.

दुपारी माणसं जमली. मेजवानीचं पुढारपण वालिको काकांकडे होतं. त्यांच्या परवानगीवाचून तिथे घोटही घ्यायचा नसतो, आणि ते बोलायला लागले की घसा कोरडाच राहतो. त्यांनी देशासाठी, पूर्वजांसाठी, शांततेसाठी बोलून घेतलं. मग बोकडाचं भलंमोठं शिंग वाईनने काठोकाठ भरून ते उभे राहिले. शिंगाला बूड नसतं. एकदा भरलं की खाली ठेवता येत नाही, पिऊनच सुटका.

"हे त्या पहिल्या शब्दासाठी," काका म्हणाले. "मुलाने बापाला दिलेल्या. बेसो, सांग सगळ्यांना, हा कोण?"

बादरीने छाती पुढे काढली. बेसोने त्याच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. शेजारी काचेचं कपाट होतं. काचेत एक गुबगुबीत पोरगं दिसत होतं. बेसोचा चेहरा खुलला. त्याने काचेवर हात आपटला.

"मामा," तो म्हणाला. मग स्वतःच्या पोटावर हात आपटून पुन्हा, "मामा."

आधी हसली ती खातुना.

"रोज फोनवर तूच त्याला मामा, मामा करतोस," ती नवऱ्याला म्हणाली. "त्याला वाटतं, हे त्याचंच नाव आहे. तू हाक मारलीस, त्याने ओ दिली. बस."

वालिको काका हातातल्या शिंगाकडे बघू लागले. "मग हे मी कुणाच्या नावाने पिऊ?"

"विचारा की तिच्याबद्दल," गुलिको फणकारली. "बेसो, ही कोण?"

खातुना पुढे झुकली. बेसोने आईकडे बघितलं. अगदी ओळखीचं हसला. मग एक बोट वर करून, भुवया जुळवून, थेट तिच्याच सुरात म्हणाला, "आरा."

"बघा," गुलिको म्हणाली. "नाही म्हणतोय. आईच नाही म्हणतोय."

खातुना जागची उठली आणि तिने पोराला कडेवर घेतलं.

"नाही कसं? नाव घेतलं त्याने माझं. सुरीला आरा, चुलीला आरा, बाल्कनीच्या कठड्याला आरा. दिवसभर हेच सांगते मी त्याला, म्हणून तर तो धड आहे. लांब राहणाऱ्याला गोड हाका मारायला सवड असते. मी आरा. चालेल मला. प्या काका, हात दुखेल."

काकांचा हात खरोखरच दुखत होता. "आराच्या नावाने," ते म्हणाले आणि शिंग रिकामं केलं. मग सगळ्यांनाच प्यावं लागलं, बादरीलाही.

पाहुणे गेले. खरकट्या भांड्यांचा ढीग खिडकीपर्यंत पोचला होता. गुलिकोने ढिगाकडे पाहिलं, मग सुनेकडे. "खातुना, भांडी घासून टाकतेस ना?"

आतल्या खोलीतून खणखणीत आवाज आला, "आरा!"

खातुनाने अंगावरचा अ‍ॅप्रन सोडला आणि तो नवऱ्याच्या गळ्यात अडकवला. "मला हाक मारतोय," ती म्हणाली आणि आत गेली.